छोट्या अ‍ॅम्पमधला लांब सूर

बारक्या हे नाव पडलं तेव्हा तो खरंच बारका होता. आता पोट सुटलं होतं, कानांवरचे केस पांढरे झाले होते आणि सोफ्याच्या कारखान्यात त्याच्या हाताखाली शिकलेले कारागीर स्वतःची दुकानं टाकून बसले होते, तरी तो सगळ्यांचा बारक्याच राहिला. नाव ठेवलं होतं ताईने. आई कामावर गेली की त्याला कडेवर घेऊन फिरायची ती ताईच, त्याचं नाक पुसायची ती ताईच, आणि पुढे त्याच्या हातात गिटार देऊन "अरे, तार छेड, तिचा गळा आवळू नकोस!" असं खेकसायचीही तीच.

ताई ऑर्केस्ट्रात लीड गिटार वाजवायची. म्हणजे गाण्याच्या मधे गायक थांबतो, बाकीची वाद्यं जरा मागे सरतात आणि एकटी गिटार गायला लागते ना, ते काम ताईचं. त्या काळी बाईमाणसाने लीड वाजवणं लोकांना नवलाचं वाटायचं. लोक आधी बघायला यायचे आणि मग ऐकत बसायचे.

बारक्या शाळेत होता तेव्हा हॉलच्या अगदी मागच्या बाकावर बसून ऐकायचा. एका संथ गाण्याच्या शेवटी ताई एकच सूर धरायची. तारेवरचं बोट हलकेच डोलवत ठेवायची आणि तो सूर काही केल्या संपायचा नाही. आधी गिटारीसारखा, मग बासरीसारखा, मग कुणीतरी तोंड मिटून गुणगुणतंय असा. खुर्च्यांची करकर थांबायची. रडणारी पोरंसुद्धा गप्प व्हायची, निदान बारक्याला तरी तसं आठवत होतं. पुढे तो त्याच ऑर्केस्ट्रात ताईच्या मागे उभा राहून साथीची गिटार वाजवायला लागला, पण मागच्या बाकावरून ऐकलेला सूर काही त्याच्या कानातून गेला नाही.

मग ताईचं लग्न झालं. ऑर्केस्ट्राचे साउंडवाले, जे कार्यक्रमभर मशीनमागे उभे राहून एक शब्द बोलत नसत, तेच बारक्याचे भावोजी झाले.

"हे तुझ्याशी बोलले तरी कधी?" बारक्याने विचारलं होतं.

"बोलले नाहीत," ताई म्हणाली. "पण माझा आवाज कधी कमी केला नाही त्यांनी. एवढं पुरे झालं."

भावोजींना समुद्रापलीकडे नोकरी लागली आणि दोघं निघून गेली. ऑर्केस्ट्रा मोडला. ताईची गिटार तिकडे आधी भिंतीवर टांगली गेली, मग पेटीत गेली, मग कुणा ओळखीच्यांच्या मुलीला देऊन टाकली गेली. तिचं वाजवणं कुणी टेप करून ठेवलं नव्हतं. रोज कानावर पडणारी गोष्ट जपून कोण ठेवतो?

आणि एके दिवशी भावोजींचा फोन आला. फोन करणं हा त्यांचा स्वभाव नव्हे, त्यामुळे नाव बघूनच बारक्याने हातातलं काम खाली ठेवलं. ताईला अर्धांगवायूचा झटका आला होता. ती वाचली, हळूहळू चालायला लागली, बोलणंही पूर्वीसारखं झालं. उजवा हात मात्र खांद्यापासून लुळा पडला तो पडलाच.

त्यानंतर बारक्या दर रविवारी फोन करायचा. ताई हवापाण्याचं बोलायची, औषधांचं बोलायची, शेजारणीच्या मांजराचं बोलायची. पूर्वी फोनवर त्याची टिंगल केल्याशिवाय तिला चैन पडत नसे. आता ती त्याला "कसा आहेस?" असं विचारायची, परक्या माणसाला विचारावं तसं. फोन ठेवला की बायको बारक्यापुढे चहा ठेवून निघून जायची आणि तो चहा तसाच निवायचा.

अशातच त्याने गिटारीचा आवाज मोठा करणारा एक अ‍ॅम्प विकत घेतला.

बाजारात मिळणारा सगळ्यात छोटा, सगळ्यात स्वस्त, पण जुन्या रेडिओत असायच्या तशा काचेच्या ट्यूबवर चालणारा. एक बटण आवाजाचं, एक टोनचं, म्हणजे आवाजाची धार कमी-जास्त करायचं. भाजीच्या पिशवीत मावेल एवढा. का घेतला, ते त्यालाही नीट सांगता येईना.

"हा खोका कुठे ठेवणार आहात?" बायकोने विचारलं.

"कारखान्यात."

"मग माझी काही हरकत नाही," ती म्हणाली. "वाजवा काय वाजवायचं ते."

कारखाना जुन्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर होता. जिना उभा आणि अरुंद, सोफे दोरीने खाली उतरवावे लागत. संध्याकाळी मशीन थांबल्या, माणसं गेली, की बारक्या फोमच्या थप्प्यांमधे स्टूल ओढून बसायचा, अ‍ॅम्प जमिनीवर ठेवायचा आणि आपली जुनी गिटार जोडायचा. ट्यूब हळूहळू तांबूस व्हायच्या. तेवढं दिसलं की त्याला उगाचच आशा वाटायची.

आवाज मात्र असा यायचा, की पत्र्याच्या डब्यात गांधीलमाशी कोंडली आहे. त्याने पायाने दाबायचं एक पेडल आणलं, ज्याने गिटारीचा आवाज फाटतो आणि जाड होतो. सगळी बटणं शेवटपर्यंत पिळली. आता डब्यात गांधीलमाशांचं अख्खं पोळं झालं. सूर धरून ठेवावा तर तो दोन क्षण करकरायचा आणि मटकन खाली बसायचा.

एका रविवारी गप्पांचा साठा संपल्यावर तो म्हणाला, "ताई, एक ऐकवू का?"

"काय?"

त्याने फोन फोमवर ठेवला आणि त्या जुन्या संथ गाण्याचा शेवट वाजवला. मग घाबरतच फोन कानाला लावला. नको ते केलं, असं त्याला वाटायला लागलं.

"बारक्या," ताई म्हणाली, "कढईत काय टाकलंयस रे? करपतंय ते."

आणि ती हसली. खळाळून, खोकला येईपर्यंत हसली. त्या हसण्यासाठी बारक्याने आणखी दहा कढया करपवल्या असत्या.

"ट्यूबचा अ‍ॅम्प आहे म्हणतोस ना?" ती सावरून म्हणाली. "मग त्याची ट्यूब पेटू दे की. तुझी तर उशिराच पेटते. पेडल काय करकरवतोस? पेडलवरची ती फाडाफाड पार कमी कर आणि त्याचा जोर तेवढा वाढव. अ‍ॅम्पचं स्वतःचं बटण वर ने. त्याला घाम फुटला पाहिजे. आवाज त्या घामातून येतो."

"मग साध्या वाजवण्याला फार मोठा होईल."

"गिटारीवरचं बटण कशाला दिलंय? साथीला कमी, लीडला पूर्ण. आणि तो जमिनीवर ठेवलायस की काय?"

"तुला कसं कळलं?"

"तुझ्या पोटऱ्या ऐकतायत ते कळतंय मला. खुर्चीवर ठेव त्याला."

त्या दिवसापासून रविवारचे फोन बदलले. औषधं आणि मांजर बाजूला पडलं. ताई आधी विचारायची, "काय म्हणतोय तुझा डबा?" आणि बारक्या आठवडाभराचा पाढा वाचायचा. पेडलचा जोर वाढवल्यावर सूर थोडा लांबला होता. गिटारीच्या मानेजवळचा पिकअप, म्हणजे तारांचा आवाज पकडणारा तुकडा, लावल्यावर टोचायचा कमी झाला होता. त्याने रेडिओ-दुरुस्तीवाल्याकडून एक थकलेली ट्यूब बदलून आणली. दुरुस्तीवाल्याने पुढच्या वेळी अ‍ॅम्प परस्पर न उघडण्याची तंबी दिली. बंद असला तरी आत मरणाचा करंट साठलेला असतो म्हणे.

"आणि स्पीकर?" ताई विचारायची. "ताटलीएवढ्या स्पीकरातून किती मोठं गाणार ते बिचारं? त्याला छाती दे."

छाती देणं म्हणजे बारक्याच्या हातचा मळ. एका बंद पडलेल्या बँडच्या सामानात त्याला परातीएवढा स्पीकर मिळाला. दुरुस्तीवाल्याने तो त्या अ‍ॅम्पला झेपेल याची खात्री करून दिली. बारक्याने जाड प्लायचं खोकं केलं, सांधे सरसाने आणि स्क्रूने असे आवळले की हलवून हलू नयेत, मागची बाजू अर्धी उघडी ठेवली आणि बाहेरून सोफ्याचं उरलेलं गडद हिरवं रेक्झिन ताणून चढवलं. कोपऱ्यात एक सुरकुती दिसेना. मालक येऊन दोनदा हात फिरवून गेले आणि म्हणाले, "गिऱ्हाइकाच्या सोफ्याला असा जीव लावलास तर बरं होईल."

छोट्या स्पीकरची पिन काढून मोठ्याची लावली, तेव्हा पहिल्यांदा बारक्याच्या पोटात सूर वाजला. गांधीलमाशी गेली. त्याने बोट डोलवलं आणि सूर उभा राहिला, जरा वाकडातिकडा, पण उभा.

त्याने घाईघाईने ताईला फोन लावला. रविवार नव्हता.

"ऐक," म्हणाला आणि वाजवलं.

"छान," ताई म्हणाली. "एकदम छान. पण मधेच का सोडलास?"

"सोडला नाही. अजून चालू होता."

"मला तर काहीच ऐकू आलं नाही. सुरुवात आली, मग गप्प."

त्याने पुन्हा वाजवलं. पुन्हा तेच. मग भावोजी फोनवर आले आणि आठवड्याभराचं बोलणं एकदम बोलून गेले, "फोनला लांब सूर म्हणजे गोंगाट वाटतो. पंख्याचा असतो तसा. गाळून टाकतो." आणि फोन परत ताईकडे.

मग बारक्याने रेकॉर्ड करून पाठवलं. फोनचा इवलासा माइक त्या आवाजापुढे चिरकला. ताईने ऐकलं आणि म्हणाली, "कळत नाही रे. चेहरा झाकलेल्या माणसासारखं वाटतंय."

किती तरी रविवार असेच गेले. तो वाजवायचा, तिला सुरुवात ऐकू यायची, आणि पुढचं तो एकटा त्या फोमच्या खोलीत ऐकायचा. "आहे का अजून?" ती विचारायची. "आहे," तो सांगायचा. "अजून?" "अजून." फोनच्या दोन टोकांना दोघं तशीच बसून राहायची. ती शांतता ऐकत, तो सूर ऐकत.

मग एकदा ती म्हणाली, "मी येते."

"कुठे?"

"कुठे म्हणजे? तुझ्याकडे. ऐकायला."

डॉक्टरांनी हो-ना केलं, भावोजींनी सुट्टी काढली आणि ताई आली. विमानतळावर बारक्याने तिला आधी ओळखलंच नाही. तो लांब केसांची बाई शोधत होता, आणि समोर केस कापलेली, काठीवर भार देऊन चालणारी, हडकलेली बाई उभी होती. उजवा हात तिने ओढणीच्या टोकाने गळ्यात अडकवला होता.

"किती सुटलायस रे!" ती म्हणाली. "बारक्या कसला, आता पोत्या म्हणायला हवं."

बायकोने स्वतःची खोली त्या दोघांना दिली. पहिले दोन-तीन दिवस अ‍ॅम्पचा विषय कुणी काढला नाही. ताई झोपायची, उठायची, बारक्याच्या बायकोशी भाजी निवडत बसायची, तीही एका हाताने. "वन्सं, राहू द्या हो," बायको म्हणाली की ती म्हणायची, "हा हात चांगला आहे, त्याला कामाला लाव. नाहीतर माजेल."

कारखान्याचा जिना तिला चढवणार नव्हता, म्हणून बारक्याने अ‍ॅम्प आणि हिरवं खोकं टेम्पोतून घरी आणलं. दुपारी, शेजारपाजारचे कामावर गेलेले असताना, बाहेरच्या खोलीत मांडलं. ताई खुर्चीत ताठ बसली. भावोजी दाराशी. त्याने ट्यूब तापू दिल्या, बटणं कारखान्यात होती तिथेच ठेवली आणि पहिला सूर छेडला.

खिडकीच्या काचा थरथरल्या. आवाज कसला, सुरी होती ती! ताईने डावा हात कानावर ठेवला, उजवा ठेवता आला नाही. बारक्याने घाबरून तार दाबून धरली.

"कारखान्यात असा नव्हता," तो म्हणाला. चेहरा कानशिलापर्यंत तापला होता. "शपथ. असा नव्हता."

भावोजींनी बोटाने आधी उघडी फरशी दाखवली, मग उघड्या भिंती. बारक्याला कळलं. त्याने महिनोन् महिने ज्या खोलीत आवाज जुळवला, ती खोली जमिनीपासून छतापर्यंत फोमने भरलेली होती. फोम सगळं टोचणं पिऊन टाकत होता, आणि तो त्यावर आणखी धार चढवत गेला होता.

"तोंड पाडून बसू नकोस," ताई म्हणाली. "टोन उतरव. आणखी. आणखी उतरव, बिचकतोस काय? आता पेडलचा जोर थोडा कमी. वहिनी, घरात गोधड्या आहेत?"

गोधड्या आल्या, चादरी आल्या, खिडकीवर सतरंजी टांगली गेली. आवाज बरा झाला, पण टोचायचा थांबेना. बारक्या वाजवतोय, ताई मान हलवतेय, असा अर्धा तास गेल्यावर स्वयंपाकघरातून बायकोची हाक आली.

"अहो, तुम्ही दोघं तिथे काय डोकं धरून बसलाय? इथे या. इथून केवढं गोड ऐकू येतंय!"

ताई काठी टेकत स्वयंपाकघराच्या दारात गेली आणि थबकली. "वाजव," तिने तिथूनच सांगितलं. त्याने वाजवलं. "खोकं वळव. तोंड आतल्या बोळाकडे कर. आमच्याकडे नको. समोर उभं राहिलं की टोचतो तो. जरा बाजूने ऐकायचा असतो."

खोकं बोळाकडे वळलं आणि त्या घरात पहिल्यांदा तो सूर आला. सतरंजी, गोधडी आणि चहाच्या वासातून आला, आणि थांबला. बारक्याने बोट डोलवलं. सूर लांबला, गोल झाला. त्याने डोळे मिटले.

वाजवून झाल्यावर ताई परत येऊन त्याच्या शेजारी बसली.

"आवाज झाला तुझा," ती म्हणाली. "पण बोटाला घाई आहे. सूर निघाला की लगेच हलवायला लागतोस. आधी त्याला उभं तर राहू दे."

"तूच दाखव," तो बोलून गेला, आणि जीभ चावली.

मग ताईने डावा हात पुढे केला. "दे."

गिटार त्याने तिच्या मांडीवर ठेवली. तिचा उजवा हात गिटारीखाली अडकला, तो भावोजींनी पुढे येऊन अलगद सोडवून बाजूला ठेवला. तिने तारेवर बोट ठेवलं. बारक्या तिला अगदी खेटून बसला, लहानपणी दोघं एका ताटात जेवायला बसायची तसं, आणि उजव्या हाताने तार छेडली. खर्रर्र. बोट मऊ पडलं होतं, तार घसरली. पुन्हा छेडली, या वेळी जास्तच जोरात. "हळू रे, गाढवा." पुन्हा. पुन्हा. तिच्या कपाळावर घाम आला. बायको पाणी घेऊन उभी होती, पण पुढे येत नव्हती.

मग एकदा तार नीट दबली. सूर निघाला. ताईने काहीच केलं नाही, नुसतं दाबून धरलं. सूर उभा राहिला. आता हलवेल, आता हलवेल, असं बारक्याला वाटत होतं आणि ती हलवत नव्हती. आणि मग बोट हललं, इतकं थोडं की दिसलंही नसतं. सूर फुलला, अ‍ॅम्पमधून परत गिटारीत शिरला, तार आपोआप गायला लागली. बारक्या हात मांडीवर ठेवून नुसता बसला होता. छेडण्याची आता गरजच नव्हती.

ताईने बोट उचललं.

"असाच होता," बारक्या म्हणाला. "ताई, अगदी असाच होता."

"असेल," ती म्हणाली. "मला काय माहीत?"

"म्हणजे?"

"मी कुठे ऐकला कधी? अ‍ॅम्प माझ्या पायाशी, ड्रम माझ्या पाठीशी. मला तर नुसता दणका ऐकू यायचा आणि बोट दुखायचं. लोक येऊन सांगायचे, फार छान होतं. तू घरी येऊन सांगायचास." ती तारांकडे बघत होती. "म्हणून आले. म्हटलं, बारक्याच्या हातून तरी एकदा मागच्या बाकावर बसून ऐकू."

इतकी वर्षं आपण एकटेच त्या सुरासाठी झुरतोय असं तो धरून चालला होता.

त्यानंतर रोज दुपारी दोघं तशी बसू लागली. तो कामावरून जेवायच्या सुट्टीत धावत यायचा. तिचं बोट, त्याचा हात. सुरुवातीला नुसते भांडायचे. "थांब म्हटलं की थांबत जा." "तू सांगतेसच उशिरा." पण हळूहळू त्याच्या हाताला तिच्या बोटाचा अंदाज यायला लागला. ती श्वास घ्यायची, तो छेडायचा. खांद्याला खांदा लागलेला. मालक घड्याळाकडे बघून नाक मुरडायचे, आणि बारक्या जिना दोन-दोन पायऱ्यांनी उतरायचा. कित्येक वर्षांत त्याला दुपारची इतकी ओढ लागली नव्हती.

एका सकाळी तो दाढी करत होता. अर्ध्या गालाला फेस तसाच होता, आणि बाहेरून गिटारीचा आवाज आला. भावोजी वाजवतायत की काय? पण भावोजी तर बाल्कनीत पेपर वाचत होते. तो वस्तरा हातात घेऊनच बाहेर आला.

ताई एकटीच बसली होती. उजवा हात शेजारी उशीवर. डाव्या हाताचं बोट ती तारेवर ठेवत नव्हती, आपटत होती. छोटीशी हातोडी मारावी तसं. आणि अ‍ॅम्प आता इतका जुळला होता, इतका भरून आला होता, की तेवढ्या आपटण्यानेही सूर निघत होता. छेडायला कुणी नको होतं. एक बोट आपटलं, दुसरं आपटलं, पहिलं ओढून सोडलं. अडखळत, धडपडत, पण ते संथ गाणं पुढे सरकत होतं.

तिने वर बघितलं. "अरे, जमतंय की!" आठ-दहा वर्षांच्या मुलीसारखा तिचा चेहरा झाला होता. "बारक्या, एका हाताने जमतंय!"

"जमतंय," तो म्हणाला. गालावरचा फेस ओघळून बनियनवर पडला. त्याला इतका आनंद झाला होता की ओरडावंसं वाटत होतं. आणि तरी त्याची नजर तिच्या शेजारच्या रिकाम्या जागेवर गेली, जिथे तो दुपारी बसायचा. तिथे आता उशी होती.

"तिकडे जा," ताई म्हणाली. "स्वयंपाकघराच्या दारात उभा राहा आणि सांग कसं येतंय."

तो गेला आणि दाराला टेकून उभा राहिला. बायकोने त्याच्याकडे पाहिलं, गॅस बारीक केला आणि तीही उभी राहिली. ताई वाजवत राहिली.

जायच्या आदल्या दिवशी बारक्याने अ‍ॅम्प फोममधे गुंडाळला, आजूबाजूला असा ठासला की विमानातून खाली पडला तरी ट्यूबला धक्का लागू नये. गिटारही दिली. ताई नको-नको म्हणत होती.

"तिकडे विकत मिळतो रे."

"जुळवलेला मिळत नाही," तो म्हणाला.

हिरवं खोकं मात्र नेण्यासारखं नव्हतं. भावोजींनी त्याची मापं मात्र घेतली, मागची बाजू किती उघडी तेही बघून घेतलं. निघताना ताईने डाव्या हाताने त्याच्या पोटावर चापट मारली. बोटांची टोकं टणक झाली होती, शर्टावरूनही जाणवली. "रडू नकोस, पोत्या," ती म्हणाली आणि स्वतःच रडली.

घर मोकळं झालं. सतरंजी खिडकीवरून उतरली. हिरव्या खोक्यावर बायकोने फुलदाणी ठेवली, मग तिलाच ते पटलं नाही, तिने ती उचलली. "दुसरा घेणार का?" तिने एकदा विचारलं. "बघू," तो म्हणाला, पण घेतला नाही. जेवायच्या सुट्टीत तो कारखान्यातच डबा खाऊ लागला. मालकांनी त्यावरही काहीतरी म्हटलं.

तिकडे भावोजींनी तसंच खोकं बनवलं. ताई रोज वाजवायची. हॉस्पिटलात तिच्यासारखीच हात-पाय गेलेली माणसं व्यायामाला यायची, त्यांच्यासाठी एका दुपारी तिने वाजवलं. बारक्याला हे भावोजींनी सांगितलं. आता ते अधूनमधून फोन करायला लागले होते.

"तुम्ही कुठे उभे होतात?" बारक्याने विचारलं.

"मागे. भिंतीपाशी."

"कसा आला?"

"लोक हलले नाहीत," ते म्हणाले.

फोन ठेवून तो कटिंगच्या टेबलाशी परत आला. फोमवर खुणा करून ठेवल्या होत्या, सुरी घेतली, दोन आडवे काप दिले आणि सुरी खाली ठेवली. मग हात झटकत तो मालकांच्या टेबलासमोर जाऊन उभा राहिला.

"सुट्टी पाहिजे," तो म्हणाला. "मोठी. बहिणीकडे जायचंय, समुद्रापलीकडे."

मालकांनी चष्मा कपाळावर चढवला. "का रे? काही कार्य आहे का तिकडे?"

"कार्य नाही," बारक्या म्हणाला. "ऐकायला जायचंय."

मालकांनी त्याच्याकडे पाहिलं. त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरची पानं उलटायला सुरुवात केली आणि बारक्या त्यांच्या बोटाकडे बघत उभा राहिला.